फोटो काढणारे बापूकाका

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय घरचाच आहे, त्यामुळे नातेवाईक मंडळींनी सांभाळून घ्यावं. काही जणांना आपलं नाव घेतल्यासारखं वाटेल, पण मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही :)

जून महिन्यात लातूरला बहिणीकडे गेलो होतो. नुकताच नीटचा निकाल लागला होता. लातूर-नांदेडच्या माणसाला हे दिवस कसे असतात ते सांगायला नको. गल्लीत दोनच प्रकारची घरं उरतात : एक, जिथं पेढ्यांचे बॉक्स येतात आणि दुसरं, जिथं टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केलेला असतो. आमचं घर यंदा दुसऱ्या प्रकारातलं होतं. २०२५ साली देशभरात २२ लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली आणि एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे बहुतेक घरं दुसऱ्याच प्रकारातली असणार. पण हे गणित त्या दिवशी कुणाला सांगणार?

रात्री जेवताना भाची हळूच म्हणाली, "मामा, मी रेडिओग्राफीला फॉर्म भरू का? बी.पी.एम.टी. आहे, तीन वर्षं आणि मग एक वर्ष इंटर्नशिप."

पंगतीतून कुणीतरी पटकन म्हणालं, "म्हणजे काय, एक्स-रे काढणारी होणार? दोन वर्षं क्लासला पैसे भरले ते ह्याच्यासाठी का?"

कोपऱ्यात आमचे बापूकाका जेवत होते. वय ७५. आयुष्यातली सदतीस वर्षं नांदेड आणि लातूरला त्यांनी एक्स-रेच काढले. त्यांनी मान वर केली नाही. भाकरी कुस्करली, वरून आमटी घेतली आणि जेवत राहिले. बोलणाऱ्याच्याही मग लक्षात आलं असावं, पण शब्द गेला तो गेला.

त्या रात्री मला झोप आली नाही. एवढी वर्षं मीही काकांना त्यांच्या कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. थोडं त्यांनी सांगितलं, थोडं मी नंतर वाचून काढलं. तेच आज इथं मांडतोय.

सुरुवात नावापासूनच करू. आपण शाळेत बीजगणितात माहीत नसलेल्या संख्येला 'क्ष' धरायचो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथं विल्हेल्म रोंटगेन काळ्या कागदात झाकलेल्या नळीवर प्रयोग करत होता, आणि लांब ठेवलेला एक पडदा चमकायला लागला. हे किरण कसले ते त्याला ठाऊक नव्हतं म्हणून त्यानं त्यांना 'एक्स' म्हटलं. आपण क्ष-किरण म्हणालो. त्याच डिसेंबरात त्यानं बायकोच्या हाताचं छायाचित्र घेतलं, बोटातल्या अंगठीसकट. १९०१ सालचं भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं. पेटंट मात्र त्यानं घेतलं नाही, त्यामुळे हे यंत्र जगभर वाऱ्यासारखं पसरलं.

आता गंमत बघा. रोंटगेन काही डॉक्टर नव्हता. पहिल्या काही वर्षांत हे फोटो काढणारेही बरेचसे डॉक्टर नव्हतेच. कुणी फोटोग्राफर, कुणी विजेचं काम जाणणारा, कुणी प्रयोगशाळेतला मदतनीस. काच आणि फिल्म फोटोग्राफरच्या दुकानातली, अंधारी खोलीही त्याचीच. आपल्याकडची म्हातारी माणसं अजूनही 'छातीचा फोटो काढायचाय' असं म्हणतात. आपण हसतो, पण इतिहास त्यांच्याच बाजूचा आहे.

या पहिल्या लोकांनी किंमतही मोजली. एडिसनच्या कारखान्यात क्लॅरेन्स डॅली नावाचा मदतनीस होता. नळी नीट चालते का हे बघायला तो स्वतःचाच हात मध्ये धरायचा, रोज. हात भाजले, मग कॅन्सर झाला, हात कापावे लागले आणि १९०४ साली तो वारला. १९३६ मध्ये हॅम्बुर्गच्या एका इस्पितळाच्या आवारात अशा लोकांचं स्मारक उभारलं गेलं. त्यावर सुरुवातीलाच १६९ नावं होती. त्यात डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते, आणि तंत्रज्ञही होते. हा वेगळा पेशा आहे, त्याला शिक्षण लागतं, हे मान्य व्हायलाही वेळच लागला. ब्रिटनमध्ये रेडिओग्राफरांची संस्था निघाली ती १९२० साली, आणि अमेरिकेत तंत्रज्ञांची परीक्षा घेऊन नोंदणी करायला सुरुवात झाली १९२२ मध्ये.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. मोठं दुखणं आलं की नांदेडची माणसं मीटरगेजच्या गाडीत बसून हैदराबादेला जायची, कारण राजधानी तिकडे आणि उस्मानिया दवाखानाही तिकडे. लातूरची माणसं जायची उलट्या दिशेला. बार्शी लाईटच्या छोट्या गाडीनं मिरजेला, वानलेस डॉक्टरांच्या मिशन हॉस्पिटलात. आमच्या आजीच्या तोंडी "मिरजेला नेलं" याचा अर्थ "आता काही खरं नाही" असाच होता.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९५६ साली औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं. नांदेडला १९८८, लातूरला १९९० मध्ये एमआयएमएसआर आणि २००२ मध्ये सरकारी. ही सनावळी मुद्दाम देतोय. कॉलेज निघालं की त्यात किती डॉक्टर होणार याची बातमी पेपरात येते. पण प्रत्येक कॉलेजच्या मागे एक एक्स-रे विभाग असतो, तिथं रात्रपाळीला माणूस लागतो, आणि त्याची बातमी कुठंच येत नाही.

बापूकाका १९७१ साली नांदेडला डार्करूममध्ये कामाला लागले. मॅट्रिक झालेले, वडिलांची कोरडवाहू शेती, आणि पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ. पगार ठरलेला आहे एवढंच त्यांना कळत होतं. नंतर खात्यातूनच शिकून, परीक्षा देऊन ते तंत्रज्ञ झाले. सरकारी कागदावर पदाचं नाव 'क्ष-किरण तंत्रज्ञ'. गावात मात्र शेवटपर्यंत 'फोटोवाले बापू'.

डार्करूम म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. लाल दिव्याची कोंदट खोली, दारावर दुहेरी काळा पडदा. आत ओळीनं टाक्या : डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी. कॅसेट उघडायची, फिल्म काढून स्टीलच्या हँगरला चारी कोपऱ्यांत अडकवायची, डेव्हलपरमध्ये बुडवून घड्याळ लावायचं. पुस्तकात लिहिलेलं तापमान असतं वीस अंश. आणि नांदेडचा मे महिना? बेचाळीस! टाकीतलं औषध गरम झालं की फिल्म काळवंडते, धूसर होते.

"मग काय करायचात?" मी विचारलं.

"बर्फ," काका म्हणाले. "लादी आणायची, पोत्यात फोडायची, टाकीच्या भायेर पाण्यात सोडायची. कदी बर्फ नसला तर वेळ कमी करायचा. चार मिनिटाच्या जागी दोन, अडीच. ते कुटं लिहिलेलं नसतंय. हाताला कळतंय."

फिक्सरचा आंबूस वास त्यांच्या शर्टाला कायम असायचा. काकू त्यांचे कपडे वेगळे धुवायची. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते, जुन्या फिल्ममध्येही असते, ती विकत घेणारे लोक दवाखान्यांमधून फिरायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं की काका चांदीच्या कारखान्यात आहेत.

मशीनसमोरचं काम त्याहून अवघड. किती केव्ही, किती एमए, किती वेळ, हे माणूस बघून ठरवायचं. ऊसतोडीला जाणाऱ्या वाळक्या माणसाला जे चालतं ते पेढीवरच्या शेठजींना चालत नाही. छातीच्या फोटोला पेशंट उभा, छाती कॅसेटला टेकलेली, नळी सहा फुटांवर. "श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा." काकांनी हे वाक्य किती हजार वेळा म्हटलं असेल! खेड्यातल्या बायकांना 'श्वास' कळायचा नाही, म्हणून ते म्हणायचे, "माय, पाण्यात बुडी मारल्यावानी दम धर." लगेच जमायचं.

त्या काळात छातीचा फोटो म्हणजे क्षयाची भीती. १९५५ ते ५८ मध्ये देशभर क्षयरोगाची जी पाहणी झाली ती गाडीवर ठेवलेल्या छोट्या फिल्मच्या एक्स-रे यंत्रांनी. पुढं १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात थुंकी तपासण्यावर भर आला, कारण गावोगाव यंत्र, वीज आणि माणूस पोचवणं परवडणारं नव्हतं, सूक्ष्मदर्शक परवडत होता. निर्णय योग्यच होता. पण फिरून कसं येतं बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की एक्स-रे काढला नसता तर सुमारे ४३ टक्के रुग्ण सुटले असते, कारण त्यांना विचारलेल्यांपैकी कुठलंच लक्षण नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रं गावांत गेली. काकांना मी त्याचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ह्याला डार्करूमच नाही की!"

आता एक गोष्ट, जी काकांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली.

३० सप्टेंबर १९९३. काका तेव्हा बदली होऊन लातूरला होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन, सगळे उशिरा झोपलेले. पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. केंद्र किल्लारीजवळ. औसा, उमरगा, लोहारा भागातली दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. बावन्न गावं जमीनदोस्त झाली. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितले जातात.

सकाळपासून ट्रक, जीप, ट्रॅक्टर, मिळेल त्या वाहनातून जखमी यायला लागले. "हात, पाय, खुबा, मणका," काका म्हणाले. "वरून माळवद पडलं की मानूस असा दुमडतंय." एक मोठं मशीन, एक चाकावरचं. फिल्म वाळवायला वेळ नव्हता. हँगरवरून पाणी गळत असतानाच डॉक्टर खिडकीच्या उजेडात प्लेट बघायचे. टेबलावर पेशंट हलवायचा तर तो किंकाळी फोडायचा, म्हणून काका कॅसेटच त्याच्या खाली सरकवायचे आणि नळी वाकडी करून घ्यायचे.

"पण सगळ्यात अवघड काय होतं माहिताय का?" काका थांबले. "नाव."

मला कळलं नाही.

"प्लेटवर नाव लागतंय. नाव, वय, तारीख, डावं-उजवं. आन इथं नाव सांगणारंच कुणी नाही. लेकरू हाय, त्याची माय कुटंय माहीत नाही. बेशुद्ध मानूस. मग मी नंबर टाकायलो. पेशंटच्या हाताला चिकटपट्टी, तिच्यावर नंबर, तोच नंबर प्लेटवर. वहीत लिवायचं : बाई, अंदाजे तीस, हिरवं लुगडं, ट्रॅक्टरमधून आली."

दोन दिवस आणि दोन रात्री काका घरी आले नाहीत. ती वही पुढं कित्येक दिवस नातेवाईक येऊन चाळायचे. हिरवं लुगडं, हातावर गोंदण, पायात चाळ. काकांनी ओळख पटावी म्हणून ती वही लिहिली नव्हती. एका माणसाची प्लेट दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, एवढ्यासाठीच लिहिली होती. पण तिच्यातून काही माणसं सापडली. किती, ते काकांनी मोजलं नाही.

मी विचारलं, "तेव्हा शिशाचा एप्रन, बॅज वगैरे?"

काका हसले. एप्रन एकच होता, तो पेशंटला धरून ठेवणाऱ्या नातेवाइकाला द्यायचा. बॅजची गोष्ट वेगळीच. किरणोत्सर्ग किती अंगावर पडला हे मोजणारा टीएलडी बॅज प्रत्येकानं छातीवर लावायचा असतो. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो, तिथं चकत्या तापवल्या की त्यातून जेवढा उजेड येतो तेवढा डोस. देशात यावर देखरेख करायला १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. आपल्याकडची मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला वीस मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात तीसपेक्षा जास्त नाही. छातीच्या एका फोटोत पेशंटला एक दशांश मिलिसिव्हर्टहूनही कमी मिळतो. पण पेशंट वर्षातून एकदा येतो, तंत्रज्ञ रोज तिथंच असतो. काका ज्या ठिकाणी होते तिथं बॅज हरवला तर भरपाई कर्मचाऱ्याकडून, म्हणून साहेबांनी सगळे बॅज कपाटात कुलूप लावून ठेवलेले! दर तीन महिन्यांनी अहवाल यायचा : डोस शून्य. काकांनी स्वतःपुरता एक नियम केला. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाईवर येतात, म्हणून बटणाची वायर लांब करून घेतली आणि ते भिंतीआड उभे राहू लागले. भाचीला त्यांनी पहिला सल्ला दिला तो हाच, "बॅज कपाटात ठेवू देऊ नकोस. भांडायचं."

अजून एक गोष्ट लिहू की नको असं करत होतो. लिहितोच.

सोनोग्राफीत एक्स-रे नसतात, आवाजाच्या लहरी असतात. पण विभाग तोच, ओळखी त्याच. गर्भातल्या मुलीला शोधून मारण्यासाठी या यंत्राचा वापर व्हायला लागला तेव्हा त्याविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा झाला १९९४ ला, लागू झाला १ जानेवारी १९९६ पासून. आणि तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली १९९१ ला ९४६ होत्या, त्या २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर २०११ ला ८०७.

याच काळात आमच्याच नात्यातले एक जण काकांकडे आले. दोन मुली होत्या, तिसऱ्या वेळी 'बघायचं' होतं. "तुमची एवढी ओळख, एक शब्द टाका." काका नाही म्हणाले. पुन्हा आले, थोरांना घेऊन आले. काकांनी सांगितलं, "परत आलात तर मीच तक्रार देईन." त्यानंतर काही वर्षं त्या घरच्या लग्नाची पत्रिका काकांना आली नाही. आम्हा मुलांना वाटायचं, काका शेताच्या बांधावरून भांडले. ती तिसरी मुलगी आज कुठं आहे, काय करते, ते सांगत नाही. ती हा ब्लॉग वाचते.

२००८ साली काका निवृत्त झाले. त्याच सुमारास त्यांच्या विभागात कॉम्प्युटरवर चालणारी पद्धत आली आणि डार्करूमला कुलूप लागलं. सीटी स्कॅनवर पहिला पेशंट तपासला गेला तो १९७१ मध्ये लंडनला, म्हणजे काका टाकीत हँगर बुडवायला शिकत होते त्याच वर्षी. एमआरआयच्या शोधाला नोबेल मिळालं २००३ मध्ये. आता दोन्ही यंत्रं नांदेड-लातूरला आहेत, मिरजेला नेण्याचे दिवस गेले.

मुलांसाठी हा पेशा सोन्याचा आहे असं मी म्हणणार नाही. खाजगी सेंटरमध्ये पगार कमी आहेत, कंत्राटी नोकऱ्या आहेत, रात्रपाळ्या आहेत. रिपोर्टवर सही रेडिओलॉजिस्टची असते, तंत्रज्ञाचं नाव पेशंटला कधीच कळत नाही. २०२१ साली केंद्रानं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा केला, त्यात या लोकांना पहिल्यांदाच डॉक्टर-नर्ससारखी नोंदणी आणि ठरलेला अभ्यासक्रम मिळायची सोय झाली. मोठीच गोष्ट आहे, पण ती मिळायला शंभर वर्षं लागली हेही खरं. मात्र एक बदल मला वेगळा वाटतो. आता तालुक्याच्या गावात काढलेला स्कॅन वाचणारा डॉक्टर दुसऱ्या शहरात बसलेला असू शकतो. मग त्या खोलीत घाबरलेल्या पेशंटजवळ, त्याला नीट झोपवणारं, दम धरायला सांगणारं, डावं-उजवं तपासणारं माणूस कोण? तंत्रज्ञच.

त्या दिवशी दुपारी काकांनी ट्रंकेतून एक जुनी फिल्म काढली. १९८३ सालची, माझ्या मोडलेल्या हाताची. चिंचेवरून पडलो होतो. ती त्यांनीच काढली होती आणि इतकी वर्षं जपून ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी ती भाचीच्या हातात दिली आणि खिडकीकडं बोट दाखवलं.

तिनं फिल्म उजेडात धरली. "आजोबा, हे बघा फ्रॅक्चर. इथं."

"ते मागून," काका म्हणाले. "आदी नाव वाच."

तिनं कोपऱ्यातलं पुसट झालेलं नाव वाचलं. मग तारीख. मग शिशाच्या अक्षराची खूण, हात डावा.

फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली होती. संध्याकाळी ज्यांनी पंगतीत ते वाक्य टाकलं होतं, तेच तिला स्कूटरवर बसवून नेट कॅफेत घेऊन गेले. जाताना काकांना म्हणाले, "बापू, तुम्ही पण चला की. कुठलं कॉलेज वर टाकायचं ते तुम्हालाच कळतंय."

काका चपला घालायला उठले.